सॅम्युएल ॲडम्स आणि बोस्टनचे बंद बंदर

एखाद्या गावात एका घराने आगळीक केली म्हणून साऱ्या गावाच्या विहिरीस कुलूप घातले, तर पुढे काय होईल, हे आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. आगळीक करणाऱ्यास दोष देणारे त्याचे शेजारीसुद्धा तो दोष विसरतील व कुलूप घालणाऱ्याकडे बोट दाखवतील. आणि शेजारची गावे, आजवर बांधावरून भांडत असली तरी, घागरी भरून पाठवू लागतील. इ. स. १७७४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने अमेरिकेतील बोस्टन शहरास असेच कुलूप घातले. त्या कुलुपाने जे जोडू नये असे पार्लमेंटास वाटत होते, तेच जोडले गेले. त्या कामी ज्याने आपली लेखणी व आपले सारे आयुष्य झिजविले, त्या सॅम्युएल ॲडम्स ह्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

बोस्टन हे मॅसॅच्युसेट्स नावाच्या वसाहतीचे मुख्य शहर व बंदर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली ज्या वसाहती होत्या, त्यांपैकी ही एक जुनी वसाहत होय. तेथे सॅम्युएलचा जन्म २७ सप्टेंबर १७२२ रोजी झाला. त्याच्या आईबापांस बारा मुले झाली; परंतु त्यांतील तीनच बाळपण ओलांडून वाढली. बाप मंडळीचा डीकन होता व लोक त्यास डीकन ॲडम्स ह्याच नावाने ओळखीत. जवास मोड आणून ते भाजून वाळवावे व बियर करणाऱ्यांस विकावे, हा त्याचा धंदा. मुलाने पाळक व्हावे अशी आईबापांची इच्छा होती. म्हणून त्यांनी त्यास १७३६ साली, चौदाव्या वर्षी, हार्वर्ड कॉलेजात घातले. १७४० साली तो पदवीधर झाला. १७४३ साली वरची पदवी घेतेवेळी त्याने जो प्रश्न चर्चेस घेतला तो असा की, राज्याचे रक्षण दुसऱ्या कोणत्याही उपायाने होत नसेल तर सर्वोच्च सत्ताधीशाचा प्रतिकार करणे न्याय्य आहे काय? त्याने होकारार्थी उत्तर दिले. वीस वर्षांच्या तरुणाने पदवीसाठी निवडलेला हा प्रश्न पुढे त्याच्या आयुष्याचाच प्रश्न झाला.

हा विचार त्याने केवळ पुस्तकांतून घेतला असे आम्हांस वाटत नाही. तो त्याच्या घरातच शिरला होता. त्या काळी वसाहतीत नाण्यांची फार टंचाई असे. तेव्हा जमीन गहाण ठेवून घेऊन त्या तारणावर कागदी नोटा देणारी एक पेढी १७४० च्या सुमारास काही लोकांनी काढली. डीकन ॲडम्स हा तिच्या चालकांपैकी एक होता. शेतकरी व लहान धंदेवाले हिच्या बाजूचे; बडे व्यापारी व गव्हर्नर विरुद्ध. १७४१ साली पार्लमेंटाने कायदा करून ती पेढी मोडली, आणि तिच्या देण्याची जबाबदारी चालकांच्या खाजगी मालमत्तेवर घातली. डीकन ॲडम्स १७४८ साली वारला, तरी तो खटला वारला नाही. १७५८ साली शेरीफने त्याच्या घराच्या लिलावाची जाहिरात दिली, तेव्हा मुलाने वर्तमानपत्रातून उघड इशारा देऊन व स्वतः उभे राहून तो लिलाव थांबविला. दूरदेशी बसलेल्या मंडळाने केलेला एक कायदा समुद्र ओलांडून आपल्या उंबऱ्याशी कसा येतो, हे त्याने येणेप्रमाणे अनुभवले.

संसाराच्या व्यवहारात मात्र सॅम्युएल अगदी कच्चा निघाला. बापाने धंद्यासाठी हजार पौंड दिले. त्यांतील अर्धे त्याने एका मित्रास उसने दिले व ते कधी परत आले नाहीत. उरलेलेही हळूहळू संपले. बापाच्या धंद्यातही त्यास बरकत आली नाही. १७५६ सालापासून तो शहराचा कर वसूल करणारा झाला; पण गरिबाच्या दारी जाऊन सक्ती करणे त्याच्याने होईना, आणि १७६५ पर्यंत वसुलीत आठ हजार पौंडांहून अधिक तूट आली. त्याच्या शत्रूंनी ह्यावरून त्यास अप्रामाणिक म्हटले. त्याने तो पैसा स्वतः खाल्ला असे त्याच्या गरिबीकडे पाहून कोणी म्हणणार नाही. तथापि अंगावर घेतलेले काम नीट न करणे हा दोष होताच, आणि तो आम्ही झाकून ठेवीत नाही. पुढे काही रक्कम मित्रांनी भरली व बाकीची शहराने सोडून दिली. घरातही दुःख कमी नव्हते. त्याच्या पाळकाची मुलगी एलिझाबेथ चेकली हिच्याशी त्याचे १७४९ साली लग्न झाले. सहा मुलांपैकी दोनच जगली, आणि १७५७ साली ती स्वतः बाळंतपणात निवर्तली. सात वर्षांनी, १७६४ साली, त्याने एलिझाबेथ वेल्स हिच्याशी दुसरे लग्न केले. तिने त्याच्या दोन मुलांस आपलीशी केली व अतिशय काटकसरीने त्याचे घर चालविले.

त्याच वर्षी तो तंटा सुरू झाला. फ्रान्सशी चाललेले मोठे युद्ध १७६३ साली संपले व इंग्लंडच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर राहिला. त्याचा काही भार वसाहतींनी उचलावा म्हणून पार्लमेंटाने १७६४ साली साखरेवर व काकवीवर जकातीचा नवा कायदा केला व १७६५ साली स्टॅंपाचा. पार्लमेंटात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. आमच्या संमतीवाचून आमच्या खिशास हात कसा लावता, हा वसाहतींचा मुद्दा होता, आणि बोस्टनच्या वतीने तो लेखी मांडण्याचे काम १७६४ साली ॲडम्सकडे आले. १७६५ साली तो प्रांताच्या प्रतिनिधिसभेत निवडून आला व पुढील साली तिचा चिटणीस झाला. ह्या चळवळीत सर्वच गोष्टी शोभणाऱ्या घडल्या असे नाही. २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री एका जमावाने डेप्युटी गव्हर्नर टॉमस हचिन्सन ह्याचे घर लुटून उद्ध्वस्त केले; दुसऱ्याच दिवशी शहराच्या सभेने त्या कृत्याचा धिक्कार केला.

स्टॅंपाचा कायदा १७६६ साली रद्द झाला. पण पुढील वर्षी काच, शिसे, रंग, कागद व चहा ह्यांवर नवी जकात बसली. १७६८ साली बोस्टनमध्ये फौज उतरली. ५ मार्च १७७० च्या रात्री शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या व पाच माणसे मृत्यू पावली. दुसऱ्या दिवशी शहराच्या वतीने ॲडम्स हा हचिन्सनपुढे उभा राहिला. एक पलटण हलवितो, असे उत्तर मिळाले असता, एक हलविता येते तर दोन्हीही हलविता येतात, हा मुद्दा धरून त्याने दोन्ही पलटणी शहराबाहेरील किल्ल्यात पाठवावयास लाविल्या. शिपायांवर खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र सॅम्युएलचाच भाऊबंद जॉन ॲडम्स ह्याने घेतले. बहुतेक शिपाई निर्दोष सुटले व दोघांस सौम्य शिक्षा झाली. शत्रूसही न्याय मिळावा हे ज्या शहराने पाळले, त्याच शहराविषयी पुढे पार्लमेंटाने असे ठरविले की, तेथे सरकारी माणसास न्याय मिळणे शक्य नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

१७७० साली चहावाचून इतर जकाती उठल्या व लोक शांत झाले. ॲडम्स मात्र शांत बसला नाही. १७७२ च्या नोव्हेंबरात त्याच्या सूचनेवरून बोस्टनच्या सभेने एकवीस जणांची पत्रव्यवहार कमिटी नेमली. प्रांतातील गावोगाव पत्रे पाठवावी, त्यांचे मत विचारावे, आपले कळवावे, एवढेच तिचे काम. हळूहळू गावोगावी अशा कमिट्या झाल्या, आणि घोडेस्वाराच्या थैलीतून बोस्टनचे पत्र लहानशा खेड्याच्या सभेत वाचले जाऊ लागले. जो मनुष्य स्वतःच्या धंद्याचे हिशेब नीट ठेवू शकला नाही, त्याने शेकडो गावांच्या मनांचा हिशेब मात्र अचूक ठेवला.

आता चहाची गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे ज्या कंपनीचे राज्य आमच्याही देशावर पुढे पसरले तीच, त्या वेळी कर्जात बुडाली होती व तिच्या वखारींत चिनी चहाचे ढीग पडून होते. १७७३ साली पार्लमेंटाने तिला तो चहा वसाहतींत परभारे विकण्याची सवलत दिली. जकात मात्र कायम ठेवली. चहा स्वस्त होणार होता, तरी जकात देणे म्हणजे पार्लमेंटाचा हक्क मान्य करणे, असे लोकांस वाटले. तीन जहाजे बोस्टनला आली. वीस दिवसांत जकात न भरल्यास माल जप्त होणार होता. लोक तो उतरू देत ना, आणि हचिन्सन, जो आता गव्हर्नर झाला होता, जहाजांस परत जाऊ देईना. १६ डिसेंबर १७७३ रोजी ओल्ड साउथ मंडळीच्या उपासनागृहात सुमारे पाच हजार लोक जमले. गव्हर्नरचा शेवटचा नकार संध्याकाळी आला, आणि त्या रात्री काही लोकांनी मूळ रहिवाशांचे सोंग घेऊन ३४२ पेट्या, म्हणजे सुमारे ९२,००० रतल चहा, समुद्रात ओतला. ॲडम्सने सभेत एक वाक्य बोलून त्याची खूण केली, अशी कथा पुढे रूढ झाली. परंतु त्या सभेस हजर असलेल्यांच्या टिपणांवरून ती खरी दिसत नाही. त्याने त्या कृत्याचे समर्थन मात्र पुढे उघडपणे केले.

येथे आम्ही थोडे थांबून विचार करतो. चहा दुसऱ्याचा होता व तो नासणे हा अपराध होता, ह्यात संशय नाही. बेंजामिन फ्रॅंकलिन व जॉर्ज वॉशिंग्टन ह्या वसाहतींच्या कैवाऱ्यांसही ते कृत्य पसंत पडले नाही. पार्लमेंटाने अपराध्यांस शोधून त्यांजवर खटला भरला असता, तर इतर वसाहतींनी बोस्टनसाठी काय केले असते हे सांगणे कठीण आहे. परंतु लॉर्ड नॉर्थच्या मंत्रिमंडळाने दुसरा मार्ग धरला. आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी अशी म्हण आहे. येथे तर चोरासह साऱ्या गावालाच सुळी दिली गेली.

१७७४ च्या मार्च ते जून ह्या काळात एकामागून एक कायदे झाले. पहिल्याने १ जूनपासून बोस्टनचे बंदर बंद केले. कंपनीच्या चहाची भरपाई होऊन राजाचे समाधान होईपर्यंत एकाही जहाजाने तेथे माल चढवू अथवा उतरवू नये; अन्न व जळण तेवढे तपासून येऊ द्यावे. सुमारे सोळा हजार वस्तीचे ते शहर समुद्रावरच पोट भरी. खलाशी, हमाल, सुतार, दोर वळणारे, पिंपे करणारे, ज्यांनी त्या रात्री चहाची पेटी पाहिलीही नव्हती, ते सर्व एका दिवसात बेकार झाले. दुसऱ्या कायद्याने मॅसॅच्युसेट्सची जुनी सनद मोडली: गव्हर्नरचे कौन्सिल आजवर प्रतिनिधिसभा निवडी, ते आता राजाने नेमावे, ज्यूरीचे पंच आजवर गावे निवडीत, ते आता शेरीफने बोलवावे, आणि गावसभा वर्षातून एकदा निवडणुकीपुरती भरावी, एरवी गव्हर्नरच्या परवानगीवाचून भरू नये. तिसऱ्याने, दंगा मोडताना वा कर वसूल करताना सरकारी माणसाच्या हातून खून झाल्याचा आरोप आला, तर त्याचा खटला दुसऱ्या वसाहतीत किंवा इंग्लंडात चालविण्याची मुभा दिली. चौथा फौजेच्या बिऱ्हाडांविषयी होता व तो सर्व वसाहतींस लागू होता. ह्यांच्या जोडीस क्वेबेक प्रांताविषयीचा एक कायदा त्याच वेळी झाला, व लोकांनी तोही ह्यांतच गणला. हचिन्सनच्या जागी सेनापती टॉमस गेज हाच गव्हर्नर होऊन आला.

मंत्र्यांचा हिशेब असा होता की, बोस्टन एकटे पडेल व इतर वसाहती त्याच्या दुर्दशेवरून धडा घेतील. हिशेब साफ चुकला. बंदराच्या कायद्याची बातमी १० मे रोजी पोहोचताच ॲडम्सच्या कमिटीची पत्रे चहूकडे निघाली. पत्रव्यवहाराची वाट दीड वर्षापासून मळलेली होती. म्हणून ती पत्रे अनोळखी दारी पडली नाहीत. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिसभेने १ जून हा उपासाचा व प्रार्थनेचा दिवस ठरविला. एवढ्यावरून तेथील गव्हर्नरने ती सभा बरखास्त केली. त्या दिवशी फिलाडेल्फियात दुकाने बंद राहिली. बोस्टनचा व्यापार ज्या मार्बलहेड गावास आयता मिळणार होता, त्या गावच्या व्यापाऱ्यांनी आपले धक्के व वखारी बोस्टनच्या व्यापाऱ्यांस भाड्यावाचून देऊ केल्या. कनेटिकटमधील विंडहॅम गावाने २५८ मेंढ्या पाठविल्या. तेथीलच इस्रायल पुटनम नावाच्या जुन्या लढवय्याने आपल्या भागातील मेंढ्यांचा कळप स्वतः हाकीत बोस्टनला आणला. दक्षिणेकडून तांदूळ आला, व्हर्जिनियातून धान्य आले, क्वेबेकमधूनसुद्धा गहू आला. ह्या दानाची व्यवस्था पाहणाऱ्या कमिटीत ॲडम्स होता, आणि लहानात लहान गावाच्या देणगीसही आभाराचे पत्र जाई. धडधाकट माणसास फुकट न देता रस्त्यांची फरसबंदी, विटा पाडणे अशी कामे काढून त्याची मजुरी ह्या दानातून देण्यात आली. त्यामुळे शहराची सोय झाली व घेणाऱ्याची अब्रूही राहिली.

१७ जून १७७४ रोजी सेलम गावी प्रतिनिधिसभा भरली असता ॲडम्सने दार आतून बंद करविले. सर्व वसाहतींच्या सभेसाठी प्रतिनिधी निवडण्याचा ठराव पुढे होता. गेजला हे कळताच त्याने सभा बरखास्त केल्याचे फर्मान घेऊन चिटणीसास पाठविले; दार उघडेना, तेव्हा त्याने ते बाहेर जिन्यावर उभे राहून वाचले. आत तोपर्यंत पाच प्रतिनिधी निवडून झाले होते, आणि त्यांत ॲडम्स होता.

परंतु एवढ्या लांब जावयाचे तर ॲडम्सजवळ धड कपडे नव्हते! तो बावन्न वर्षांचा होत आला होता व आयुष्यात बोस्टनच्या आसपासचा मुलूख सोडून कोठे गेला नव्हता. तेव्हा मित्रांनी त्यास नवा पोशाख, टोपी, मोजे व जोडे करून दिले, वाटखर्चास थोडे पैसे दिले. एकाने त्याचा पडका गोठाही बांधून दिला. १० ऑगस्ट रोजी तो निघाला.

५ सप्टेंबर रोजी फिलाडेल्फियात बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. कामास प्रार्थनेने आरंभ करावा, अशी सूचना निघाली. त्यावर काहींनी हरकत घेतली की, येथे निरनिराळ्या पंथांचे लोक आहेत, एकत्र उपासना कशी होणार? तेव्हा ॲडम्स उठला. त्याच्या पूर्वजांच्या पंथाचे व चर्च ऑफ इंग्लंडचे जुने वैर होते, आणि तो स्वतः आपल्या मतांत अत्यंत कडवा समजला जाई. त्याने सांगितले की, आपण पंथाभिमानी नाही. देवभक्त व देशाचा हितचिंतक असा कोणीही मनुष्य प्रार्थना करो, आपण ती ऐकू. आणि त्याने चर्च ऑफ इंग्लंडचाच पाळक जेकब डशे ह्याचे नाव सुचविले. ७ सप्टेंबर रोजी सकाळी डशेने त्या दिवसाच्या नेमलेल्या वाचनातील पस्तिसावे स्तोत्र वाचले व प्रार्थना केली. बोस्टनवर तोफा डागल्याची बातमी आदल्या दिवशीच आली होती. ती मागाहून खोटी ठरली, पण त्या सकाळी ती सर्वांच्या मनात होती. त्या सभेत वसाहती एकमेकींस पारखून घेत होत्या. बोस्टनच्या मनुष्याने प्रथम स्वतःचा आग्रह सोडला, हे सर्वांनी पाहिले.

इकडे खेड्यांतील शेतकरीही स्वस्थ नव्हते. नव्या कायद्याप्रमाणे नेमलेली कोर्टे त्यांनी गावोगाव भरू दिली नाहीत; वुस्टर येथे ६ सप्टेंबर रोजी ३७ गावांचे ४,६२२ लोक शिस्तीने रांगा करून उभे राहिले, आणि न्यायाधीशांस टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून जाताना राजीनामे वाचावे लागले. एकही जीव गेला नाही. गावसभा बंद करण्याचा कायदा होता. पण गावसभा अधिकच भरू लागल्या.

पुढील हकिकत आम्ही आटोपती घेतो. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे ॲडम्स व जॉन हॅंकॉक हे लेक्सिंग्टन गावी पाळक जोनस क्लार्क ह्याच्या घरी उतरले असता फौज आल्याची सूचना मिळाली; ते निघून गेले आणि त्या गावच्या मैदानावर युद्धाची पहिली गोळी सुटली. जूनमध्ये गेजने सर्वांस माफी जाहीर केली. वगळले ते हे दोघेच. १७७६ साली ॲडम्सने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. १७७८ साली पार्लमेंटाने चहाची जकात व मॅसॅच्युसेट्सची सनद मोडणारा कायदा ही दोन्ही रद्द केली. चार वर्षांपूर्वी एवढ्याने कदाचित सर्व भागले असते. आता मधे हजारो थडगी पडली होती. १७८३ साली तह होऊन वसाहती स्वतंत्र झाल्या.

ॲडम्सच्या उतारवयातील एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. १७८६ साली मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले. त्या वेळी सेनेटचा अध्यक्ष असलेला ॲडम्स त्यांस अत्यंत कडक शासन करावे ह्या मताचा होता. राजाविरुद्धचे बंड क्षम्य असेल, पण लोकांनी स्वतः निवडलेल्या राज्याविरुद्धचे नाही, असे तो म्हणे. ह्या भेदात तथ्य आहे. तरी ज्याच्या बापाचे घर कर्जापायी लिलावास निघाले होते, त्याच्या मनात ह्या शेतकऱ्यांविषयी अधिक दया असती तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते. गव्हर्नर हॅंकॉकने अखेर त्यांतील बहुतेकांस क्षमा केली, आणि प्रांत शांत झाला.

१७८८ साली ॲडम्सचा एकुलता मुलगा, जो लष्करात डॉक्टर होता, मरण पावला. त्याच्या नोकरीबद्दल मिळालेल्या सरकारी रोख्यांवर म्हाताऱ्या बापाचे शेवटचे दिवस निभावले. ह्या सांत्वनाची किंमत बापास काय वाटली असेल, ती बापच जाणोत. १७९४ ते १७९७ तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता. ज्या हाताने एवढी पत्रे लिहिली, तो कंपाने लिहीनासा झाला. २ ऑक्टोबर १८०३ रोजी, एक्याऐंशी वर्षांचा होऊन, तो बोस्टन येथेच मृत्यू पावला व ग्रॅनरी दफनभूमीत त्यास मूठमाती मिळाली.

त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८१३ साली, त्याच प्रांतात स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले, तेव्हा त्यांस परत जाण्याचा हुकूम देणारे सरकारही त्या चहावाल्या कंपनीचेच होते. त्यांनीही विनवणीची व समजुतीची पत्रे लिहिली, आणि अखेर ते राहिले.

वाचकहो, ह्या चरित्रात आम्हांस दोन गोष्टी दिसतात. ज्याच्या हाती अधिकार आहे, मग तो राज्याचा असो, गावाचा असो, की घराचा, त्याने शासन करताना अपराधी कोण व शेजारी कोण हे निवडून घ्यावे. सुक्याबरोबर ओलेही जाळणाऱ्याच्या अंगणात आग परत येते. आणि ज्याच्यावर असे शासन आले, त्याला कोणी तारले? विंडहॅमच्या मेंढ्यांनी, मार्बलहेडच्या वखारींनी, आणि वर्षानुवर्षे गावोगाव गेलेल्या साध्या पत्रांनी. संकटाच्या दिवशी शेजारी धावून यावा असे वाटत असेल, तर त्याच्या दाराची वाट सुखाच्या दिवसांतच मळलेली असावी लागते.